नर रतांबा

सर जेवायला बसले की त्यांची बायको, म्हणजे आमची काकी, पातेल्यावरचं झाकण काढत नसे. झाकणावर हात ठेवून ती समोर बसून राहायची. सर डोळे मिटायचे, नाक वर करायचे आणि निकाल द्यायचे, "बांगड्याचां तिखलां. तिरफळां घातलंस. मीठ कमी पडलां." मग झाकण निघायचं. बांगडा बरोबर, तिरफळं बरोबर. पहिला घास तोंडात जायचा, आणि मीठ अगदी चोख. झालं! सर ताटावरून उठून तसेच खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, यायचे आणि आजूबाजूच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "चुकलंय! मी चुकलंय!" आणि हे आनंदाने हो. मुलगा पास झाल्यावर बाप ओरडेल तसं.

मी एकदा विचारलं होतं, "सर, मीठ वासावरून कसं कळणार?"

"नायच कळणा. म्हणान तर सांगलंय. कळणाऱ्या गोष्टी सांगूक मास्तर कित्याक व्हयो?"

असा हा माणूस. मी माहेरी होते तेव्हा हायस्कुलात माझा जीवशास्त्राचा मास्तर, आणि लग्न होऊन ह्या गावात आले तर भिंतीला भिंत लावून शेजारी. एकाच माणसाच्या तावडीत जन्मात दोनदा सापडायला नशीबच लागतं. वरात दारात आली, उंबऱ्यावर माप ठेवलेलं, सगळ्या बायका माझ्या पायाकडे टक लावून बसलेल्या, आणि गर्दीतून ओळखीचा आवाज आला, "उजवो पाय! मी सांगतंय, उजवो!" तेव्हा माझ्या अंगात मस्ती होती. मी मुद्दाम डावा टाकला. सासूबाईंचा चेहरा पडला, आणि मागून सर ओरडले, "चुकलंय!" पुढे घरात काहीही बिनसलं, दूध नासलं तरी, त्या डाव्या पायाचा उद्धार व्हायचा. पण ते नंतर.

"आधी सांगा, मग बघा." सरांचं सगळं शास्त्र ह्या चार शब्दांत होतं आणि ते शब्द त्यांनी आमच्या डोक्यात खिळे ठोकावेत तसे ठोकले. बाकीचे मास्तर बरोबर उत्तराला शाबासकी देत. सर विचारत, "आधी सांगितलं होतंस का?" नंतर हुशारी दाखवणाऱ्याची त्यांना चीड होती. "झाल्यावर तर आमची म्हैस पण सांगते," म्हणायचे. आणि आधी सांगून जो धडधडीत चुकला त्याच्यासाठी सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवायच्या. माझ्यासाठी बऱ्याच वाजल्या आहेत.

एकदा त्यांनी मूठभर कुळीथ टेबलावर टाकले आणि विचारलं, "हे जिवंत की मेलेले?"

वर्गात दोन तट पडले. कुणीतरी म्हणालं, मेलेले, कारण हलत नाहीत. "मग एस.टी. हलते. ती जिवंत?" दुसरा म्हणाला, जो खातो, वाढतो तो जिवंत. "मग चुलीतला विस्तव? लाकडं खातो, वाढतो, आणि शेजारणीने एक निखारा नेला की तिच्या चुलीत पिल्लूही घालतो." मी हात वर करून म्हटलं, "सर, विस्तव जिवंतच आहे. माझ्या आज्जीला विचारा." सरांना इतका आनंद झाला की ते मालवणीवर घसरले. वर्गात ते पुस्तकातलं मराठी बोलत, पण उत्साह आला की गेलं सगळं. "बरां बोललंस चेडवा! आता ह्यां खोटां कसां पाडूचां ता सांगा!" अख्खा तास विस्तवावर गेला. कुळीथ बिचारे तसेच पडून.

दुसऱ्या दिवशी तीन फडकी आणली. एकात ओले कुळीथ, एकात कोरडे, एकात उकडलेले आणि ओले. कोणाला मोड येणार ते आधी सांगायचं. मी विचारलं, कोरडे कशाला ठेवलेत, त्यांना मोड येत नाहीत हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सर म्हणाले, "तो साक्षीदार. तो नसेल तर ओल्या कुळथाला मोड पाण्याने आले की माझ्या गोड बोलण्याने, हे कसं ठरवशील? एकाच बाजूचं ऐकून निकाल द्यायचा नाही." मोड आले, प्रयोग संपला, आणि सगळ्या साक्षीदारांची उसळ होऊन ती आम्हालाच खाऊ घातली गेली.

लाजाळूचा किस्सा तर हायस्कुलात अजून सांगतात. कुणीतरी म्हटलं, सर, लाजाळूला शिवी दिली की ती मिटते. दुसऱ्या मास्तराने त्या पोराच्या कानफटात दिली असती. सरांनी विचारलं, "कुठली शिवी?" मग आम्ही सगळे मैदानाच्या कडेला. लाजाळूचं एक झुडूप शिव्या खाण्यासाठी, आणि लांब दुसरं, साक्षीदार म्हणून, त्याच्याकडे कोणी बघायचंसुद्धा नाही. सुरुवात झाली. "शिरा पडो तुझ्या तोंडार!" "मेल्या!" पुढच्या लिहिण्यासारख्या नाहीत. लाजाळू ढिम्म. माझी पाळी आली तेव्हा मी अगदी जवळ जाऊन, वाकून, जीव तोडून शिवी हाणली आणि पानं फटाफट मिटली. पोरांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. सर म्हणाले, "थांबा. शिवीने मिटली की हिच्या तोंडच्या वाऱ्याने?" मग माझ्या तोंडासमोर पुठ्ठा धरून तीच शिवी परत. ढिम्म. मग शिवी न देता नुसती फुंकर. मिटली! एवढ्यात हेडमास्तर धावत आले. सर त्यांना म्हणाले, "प्रयोग चालू आहे. आपणही एक घालून बघा, मोठ्या माणसाच्या शिवीचा फरक पडतो का ते कळेल."

तुम्हाला वाटेल असा माणूस देवळाची पायरी चढत नसेल. चढायचे. कौल लावायच्या वेळी तर सर सगळ्यांच्या पुढे. देवाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या बाजूला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा, आणि उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, ही आमच्याकडची रीत. सर म्हणत, "शिस्त बघा. प्रश्न आधी, मोठ्याने, सगळ्यांच्या समोर. काय पडलां तर काय समजायचां, ताही आधी." एकदा जत्रेच्या आधी मंडपावर पत्रे घालायचे की नाही म्हणून कौल लावला आणि डावी पाकळी पडली. पत्र्यांची हौस असलेले म्हणायला लागले, पाकळी जास्त ओली होती, पुन्हा लावा. गुरव पाकळ्यांना हात घालणार, तोच सर उठले. "मनासारखां येईसर विचारतलात, तर देवाक त्रास कित्याक? घराकडे बसान ठरवा." गुरव हसला आणि त्याने पाकळ्या खाली ठेवल्या. त्या वर्षी जत्रा पत्र्याशिवायच झाली.

आता सर नाहीत. शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले तर नर्स त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होती आणि सर तिला सांगत होते, आकडा बघायचा नाही, आधी मी सांगणार. ती पोर रडकुंडीला आली होती. मी तिला म्हटलं, "बाय, सांगू दे त्यांना. तुझं काम लवकर होईल."

पण मला सांगायचंय ते ह्याच्या आधीचं, आणि त्याच्यासाठी काकी तुम्हाला नीट माहीत हवी. सरांच्या बायकोला गावात मास्तरीण म्हणत, मी काकी म्हणायचे. बोलणं मोजकं, पण एकेक शब्द मिरीसारखा. तिचे अंदाज सरांपेक्षा नेहमी बरोबर यायचे, पण ती आधी तोंड उघडत नसे. म्हणायची, "मी सांगूक लागलंय तर ह्यांचां ओरडणां बंद पडतलां. मगे घर खाऊक उठतलां." त्यांना मूल नव्हतं. गावात बारसं असलं, कुणाची ओटी भरायची असली, की बोलावणं घरोघर फिरायचं आणि बरोबर सरांचं घर टाळून पुढे जायचं. भांडण नाही, तंटा नाही, रीतच तशी. त्या दिवशी काकी कपड्यांचं भलंमोठं गाठोडं काढून व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, धुवायला जायची. घरात धुण्यासारखं काही नसलं तरी जायची.

लग्नाला काही वर्षं झाली आणि मला मूल होईना, तेव्हा माझ्यासाठीही नेमकी अशा दिवशी कामं निघू लागली. भावकीत बारसं असून घरी बायका जमायच्या असल्या की सासूबाई गोड आवाजात म्हणायच्या, "जा गो, व्हाळार कपडे घेवन जा." मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकी दगडावर चादर आपटत होती. तिने माझ्याकडे बघितलं. "तू पण?" मी म्हटलं, "मी पण." मग आम्ही दोघींनी मिळून ती चादर इतकी आपटली की तिचा पार चोथा झाला.

मला डॉक्टरांकडे नेलं नाही असं नाही. कुडाळला नेलं, कणकवलीला नेलं, म्हापशाला नेलं. सगळीकडे एकच वाक्य, "तुमचं सगळं व्यवस्थित आहे, आता मिस्टरांना घेऊन या." ह्या वाक्याचा अर्धाच भाग घरी पोचायचा. पुढचा अर्धा मी मोठ्याने सांगितला की सासूबाई कानावर हात ठेवायच्या. "तेका काय झालां? कसो धट्टोकट्टो आसा!" नवरा कुडाळला गॅरेज चालवायचा. माणूस चांगला, कोणाची बंद पडलेली गाडी कानाने ऐकून दुरुस्त करायचा, पण आईसमोर त्याचं स्वतःचं इंजिन चालू होत नसे. मी चिडायचे, भांडायचे, जेवण टाकायचे. तो म्हणायचा, "बघुया." त्या 'बघुया'त माझी वर्षं चालली होती.

आमच्या घराच्या मागे व्हाळाच्या काठाने रतांब्याची झाडं आहेत, ज्याच्या सालीची आपण कोकमं करतो तो रतांबा. त्यातलं एक उंच झाड दर थंडीत फुलायचं आणि फळ एक धरायचं नाही. सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणायच्या, "वांझ झाड. जागा अडवन बसलां." म्हणायच्या झाडाला, बघायच्या माझ्याकडे. मी भांडी आदळायचे. एके सकाळी त्यांनी झाड तोडायला माणूस बोलावला. त्याने कुऱ्हाड उचलली, आणि कुंपणावरून सर उडी मारून आले. एक गाल तुळतुळीत, दुसऱ्या गालावर साबणाचा फेस.

"थांबा! तो नर आसा!"

"कोण नर?" सासूबाईंनी पदर सावरत इकडेतिकडे बघितलं.

"ह्यो रतांबो!"

"मास्तरानु, घराकडे जावा. दाढी पुरी करा."

सर हटणारे नव्हते. त्यांनी त्या झाडाचं आणि बाजूच्या फळणाऱ्या झाडाचं फूल तोडून सासूबाईंच्या हातावर ठेवली. ह्याच्यात बघा, नुसते परागाचे झुबके. हिच्यात बघा, मधोमध बारीक हिरवी गोळी, तिचाच पुढे रतांबा होतो. ह्याचा पराग तिला मिळायला पाहिजे. नर तोडाल तर बाकीच्या झाडांची फळं जातील. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झाडात कसलो बापयो आनी कसली बाईल? तुमी सांगतात म्हणान खरां?"

"नाय!" सर खूश झाले. "मी सांगतंय म्हणान अजिबात खरां नाय. बघुया."

सरांच्या तोंडी 'बघुया' म्हणजे वेगळीच चीज. त्यात लगेच काम निघायचं. तोडायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवला. काकीने आणि मी सरांचं जुनं मलमलीचं धोतर फाडून बारीक पिशव्या शिवल्या. मादी झाडाच्या काही डहाळ्यांवर कळ्या उमलायच्या आधी पिशव्या बांधल्या आणि त्यांना पांढरा दोरा. काहींना पिशव्या बांधल्या, पण फूल उमलल्यावर मी कोंबडीच्या पिसाने नराचा पराग नेऊन लावला आणि पुन्हा पिशवी बांधली. त्यांना तांबडा दोरा. बाकीचं झाड मोकळं. मग सरांनी सासूबाईंना झाडाखाली उभं केलं आणि म्हणाले, आता आधी सांगा. सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांक सारखेच धरतले." सर म्हणाले, "पांढऱ्या दोऱ्याक एकय धरूचो नाय." 

उन्हाळ्यात पिशव्या सोडायला वाडीतल्या बायका जमल्या, सिनेमाला जमाव्यात तशा. तांबड्या दोऱ्याला रतांबे छान धरलेले. मोकळ्या फांद्यांना तर लगडलेले. पांढऱ्या दोऱ्याच्या पिशव्या एकेक करून रिकाम्या निघत गेल्या, सासूबाईंचा चेहरा उतरत गेला, आणि शेवटी शेवटी एका पिशवीत तांबूस, गोल, चांगला रतांबा! सासूबाईंनी टाळी वाजवली. आणि सर? सर तर नाचायलाच लागले. "चुकलंय! थोडां चुकलंय!" मग पिशवीला भोक आहे का बघा, मुंगी शिरली होती का बघा, की ह्या झाडाला नराशिवायही थोडं जमतं, असं किती वेळ स्वतःशीच चाललं. शेवटी ते छाती पुढे काढून म्हणाले, "म्हायत नाय."

"तुमका म्हायत नाय, तर झाड कित्याक वाचवलात?" सासूबाई.

"जितक्यां म्हायत झालां तितक्यान वाचलां."

सासूबाईंनी त्या उंच झाडाकडे बघितलं. "म्हणजे वांझ नाय तर ह्यो," म्हणाल्या. झाडाचं लचांड सुटलं. माझं कुठे सुटलं होतं!

त्याच उन्हाळ्यात नवऱ्याचा मामा वैभववाडीहून आला. येताना स्थळ घेऊन आला. गोष्ट साधी मांडली होती. माझ्या भावाला बोलवायचं, मला समजुतीने माहेरी पाठवायचं, कागदावर सह्या घ्यायच्या, आणि वर्षभरात घरात पाळणा हलवायचा. भाऊ आला. संध्याकाळी खळ्यात खुर्च्या टाकल्या. मामा मधोमध, सासूबाई पायरीवर, नवरा कणगीला टेकून उभा, नजर जमिनीला. मी स्वयंपाकघराच्या दारात. मागच्या दाराने काकी येऊन माझ्याजवळ उभी राहिली, माझा हात धरला.

मामाने सुरुवात केली, पोरगी गुणाची आहे, पण काय करणार, तिच्यात दोष आहे. मी तिथूनच ओरडले, "माझ्यात दोष नाय! डॉक्टरान ह्यांका बोलावल्यान, विचारा ह्यांका!" मामा म्हणाला, बायकांनी मधे बोलू नये. भावाने मला डोळ्यांनी गप केलं. माझ्या अंगाचा भडका उडाला होता आणि तरी मला दिसत होतं, की हे सगळं ठरून चुकलंय. उद्या माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर.

तेवढ्यात सर आले. कोणी बोलावलं नव्हतं. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

"दोष आसा कशावरना?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"पोर नाय, ह्या दिसणा नाय?" मामा.

"पोर नाय, ह्या दिसतां. दोष कोणात, ता खंय दिसतां? हिका तपासलात, बरी निघाली. तेका तपासलात?"

"बापयाक कित्याक तपासूचां?"

"मगे एकाच बाजूचां बघान निकाल दितात तुमी. ह्यो न्याय नाय आनी शास्त्रही नाय."

मामाला राग आला. माणूस चिडला की हातात येईल ते फेकतो. त्याने हे फेकलं, "मास्तरानु, तुमी आमका शिकवतात? तुमची बाईल वांझ, म्हणान तुमका हिची दया येता. स्वतःच्या घरात पाळणो हललो नाय तो माणूस दुसऱ्याच्या घरात बोलता!"

काकीचा हात माझ्या हातात होता. 

 मी सरांना वर्गात, देवळात, रस्त्यावर बोलताना ऐकलंय, शब्द शोधताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा शोधत होते. मग म्हणाले, "माझी बाईल वांझ नाय."

"नाय तर काय!"

"दोष माझ्यात आसा. लग्नाक थोडी वर्षां झाली तेव्हा मिरजेक जावन मी तपासून घेतलंय. डॉक्टरान स्पष्ट सांगल्यान. ही बरी, मी नाय." आता ते मामाशी नाही, सगळ्या खळ्याशी बोलत होते. "ही म्हणाली, तुमी शाळेत मास्तर, पोरां हसतली, तुमका वर्गात उभां ऱ्हवूक होवचां नाय. दोष माझ्यार येवंदे. आनी मी येवंक दिलंय. गावान हिका वांझ म्हटल्यान, मी ऐकान घेतलंय. मीठ चुकलां तरी गावभर ओरडणारो मी, ह्या बाबतीत तोंड शिवन बसलंय."

 मामा चप्पल शोधल्यासारखं पायाखाली बघत होता.

काकीने माझा हात सोडला. पुरुष बसलेल्या खळ्यात ती कधी गेली नव्हती. ती सरळ गेली आणि सरांच्या समोर उभी राहिली. "मी तुमका सांगूक नको म्हणान सांगलेलंय ना?"

"होय."

"मगे?"

"हे ह्या पोरीक घालवतत."

काकीने त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघितलं. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर त्यांना चारचौघांत सुनावेल. तिने खुर्ची पुढे ओढली. "बसा," म्हणाली, "बटणां वरखाली लागली आसत तुमची."

सासूबाई पायरीवरून उठल्या. काकीच्या तोंडाकडे नीट बघायला त्यांना जमत नव्हतं. "मास्तरणी, इतकी वर्षां आमी तुका..."

"होय," काकी म्हणाली.

"आनी तू एक शब्द..."

"नाय."

तेव्हा कणगीजवळून आवाज आला. आधी कोणाचा ते कळलंच नाही, इतका तो घरात कमी ऐकायला यायचा. नवरा म्हणाला, "मी फाल्यां जातंय." म्हणजे उद्याच.

"खंय?" मामा.

"तपासूक. आनी ही खंयच जावची नाय. माझी बाईल आसा ती." मग माझ्या भावाकडे वळून म्हणाला, "जेवान जा." लग्नात हार घालताना माझा नवरा मला जेवढा आवडला नव्हता तेवढा तेव्हा आवडला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, उगाच डोक्यावर बसेल.

दोष त्याच्यात निघाला. डॉक्टरांकडून आल्यावर गाडी स्टँडला लावून तो खळ्यातच उभा राहिला आणि आईला सांगितलं, लपवाछपवी नाही, आवाज खाली नाही. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढे औषधं झाली, फेऱ्या झाल्या. आम्हाला मूल नाही. हळहळू नका, मला त्याचा कंटाळा येतो. काकी आणि मी मिळून कोकमाची सोलं आणि आगळ, म्हणजे त्याचा खारा रस, करायला घेतली ती आज गोव्यापर्यंत जातात, आणि ह्या घरात माझ्या तोंडावर किंवा पाठीमागे तो शब्द पुन्हा कोणी काढलेला नाही.

सरांना मात्र त्यांच्या खरेपणाची किंमत चुकवावी लागली. ज्याची काकीला भीती होती ते झालंच. तोवर ते निवृत्त झाले होते म्हणून वर्ग सुटला, पण बाजारात टवाळ लोक हसले, आणि सर माशांच्या बाजाराला जायचे बंद झाले. दुपारी पलीकडून ओरडणं ऐकू येईना. आम्हाला जेवण गोड लागेना. मीच एक दिवस जाऊन त्यांना झापलं, "सर, चुकीच्या उत्तराला टाळ्या वाजवायला शिकवलं कोणी? आणि आता घरात बसता?"  दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन बाजारात गेले, आणि कोळणीला टोपलीवरचं फडकं काढू दिलं नाही.

नंतर नणंद बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बारशाच्या सकाळी मी सवयीने कपड्यांची बादली उचलली, तर सासूबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि जोरात खाली ठेवली.  मग नवं लुगडं नेसून, कुंकवाचा करंडा घेऊन त्या स्वतः कुंपणापलीकडे गेल्या. वाडीत बोलावणं करायला पोरींना पाठवतात, सासूबाई कुणाच्या दारी जात नसत. सर ओसरीवर बसले होते. त्या त्यांना काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. सरांनी खांबाकडे तोंड फिरवलं आणि चष्मा काढला.

काकी आली. बायकांनी माजघर भरलं होतं. सासूबाईंनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "पयलो मान मास्तरणीचो," आणि बाळ उचलून काकीच्या हातांवर दिलं. काकी पाळण्याजवळ उभी राहिली. सगळ्या वाट बघत होत्या. तिने बाळाकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "काय म्हणूचां आसतां गो? माका म्हायत नाय. माका कधी कोणी बोलावूक नाय."

तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच माहीत नव्हतं, म्हणून तिने विचारलं. सासूबाईंनी सांगायचं सोडून पाळण्याची दोरी नीट करायला घेतली. बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या. मी त्यांच्यातून वाट काढत पाळण्याच्या पलीकडच्या बाजूला गेले. तिथे उभं राहायची माझीही पहिलीच वेळ होती, पण व्हाळावर जाता जाता मी ते शब्द दारातून ऐकलेले होते.

"काकी, म्हणा," मी म्हटलं, "कुणी गोविंद घ्या."

काकीने म्हटलं. आणि मी पाळण्याखालून दोन्ही हात पुढे करून बाळ घेतलं.